एकटीच आहात ना, मग बसा की तिकडे!

"एकटीच आहात ना तुम्ही?" असं विमानात कुणी विचारलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण पुढचं वाक्य मला पाठ आहे. "मग बसा ना जरा तिकडे." तिकडे म्हणजे कुठे, तर पार मागे, संडासाच्या अलीकडे, मधल्या सीटवर, दोन धिप्पाड बाप्यांच्या मध्ये अंग चोरून. एकट्या बाईला स्वतःची जागा निवडायचा हक्क नाही, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय ते एकदा दाखवाच मला.

गौरी-गणपती आटोपून मुंबईला परतणारी विमानं म्हणजे या रोगाचा ऐन हंगाम. आमच्या सिंधुदुर्गात 2021 साली चिपीचा विमानतळ सुरू झाला, मग 2023च्या जानेवारीत पलीकडे गोव्यात मोपही सुरू झालं, आणि सावंतवाडी-बांद्याच्या चाकरमान्यांना विमान अगदी परसदारी आलं. चांगलंच झालं. पण त्याबरोबर एस्टीतली रुमाल टाकून जागा धरायची पद्धतही विमानात शिरली. एस्टीत ते चालतं हो, तिथे रुमाल हेच रिझर्व्हेशन. इथे बोर्डिंग पासवर नंबर छापलेला असतो आणि त्या नंबरासाठी मी तिकिटाच्या वर वेगळे पैसे मोजलेले असतात.

हे पैशाचं लोकांना खरंच कळत नाही की वेड पांघरून पेडगावला जातात, देव जाणे. तिकीट काढताना सीटचा नकाशा समोर येतो. पुढच्या रांगा महाग, खिडकी महाग, कडेची महाग, पाय पसरायला मिळणाऱ्या जागेचं तर नावच काढू नका. पैसे द्यायचे नसतील तर वेब चेक-इनला जी पदरात पडेल ती, म्हणजे बहुतेक वेळा मागची मधली. यात चूक काहीच नाही. ज्याला पैसे वाचवायचेत त्याने खुशाल वाचवावेत. पण वाचवलेत ना? मग आता बसा तिथे!

मी मोपहून निघताना उजव्या हाताची खिडकी घेते. पावसाळ्यात वारं समुद्राकडून असतं, विमान समुद्राकडे तोंड करून उडतं आणि मग मुंबईसाठी उजवीकडे वळतं. पाऊस उघडलेला असला तर त्या वळणावर खाली तेरेखोलची खाडी दिसते, पलीकडे आरोंदा, शिरोड्याचा किनारा. पाच-सात मिनिटांचा खेळ, नंतर नुसते ढग. तेवढ्यासाठी पैसे घालवते मी. कुणाला हा खुळेपणा वाटेल, वाटू दे. पैसे माझे, खूळही माझंच.

तर यंदा. सातव्या रांगेपाशी आले तर माझ्या खिडकीत साताठ वर्षांचा एक मुलगा, मधे आई, कडेला बाप. बापाने बॅग वर टाकलेली, बूट काढलेले, पट्टासुद्धा बांधून झालेला. आयत्या बिळावर नागोबा! मी म्हटलं, "ही माझी सीट आहे." तर वर न बघता म्हणतो, "हो हो, आमची फॅमिली आहे. तुम्ही बावीस बीवर बसा, ती आपलीच आहे."

आपलीच! जणू मला त्यांच्या घरच्या ओटीवर बस म्हणतोय.

मागे लोक खोळंबलेले. कुणाच्या हातात नारळाची पिशवी, कुणाच्या खांद्यावर झोपलेलं पोर, कुणी म्हणतंय "चला हो ताई, पुढे चला". या लोकांचा सगळा डाव त्या गर्दीवर असतो. आधी बसून घ्यायचं, मग विचारायचं, म्हणजे समोरचीला अख्ख्या विमानादेखत नाही म्हणावं लागतं. भीड पडते. भिडेपायी निम्मी माणसं गुपचूप मागे जातात, आणि यांना वाटतं आपण किती गोड बोलून काम करून घेतलं.

मी म्हटलं, "नाही, मला माझीच सीट हवी आहे."

मग बापाने काय करावं? पोराकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ऊठ बाळा, काकू बसू देत नाहीत तुला." तोवर तो पोरगा मोबाईलवर कार्टून बघत मजेत होता. खिडकीचं झाकणसुद्धा त्याने खाली ओढून ठेवलेलं, उजेड पडतो म्हणून! त्याला खिडकीचं सोयरसुतक नव्हतं. बापाचं वाक्य ऐकून मात्र त्याला कळलं की आता रडायचं आहे, आणि त्याने भोकाड पसरलं. काकू म्हणालात त्याचा राग नाही, वय झालंय. पण स्वतःच्या पोराला असं हत्यार करून माझ्या अंगावर सोडता?

त्यात मागच्या रांगेतून एक मावशी. "जावंदे गो बाय, पोरगो असा, बसांदे तेका खिडकेत." प्रेमळ आवाज, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर पिशवी. आणि बसल्या होत्या कुठे? आठव्या रांगेत, माझ्या बरोब्बर मागच्या खिडकीत! मी म्हटलं, "मावशी, मगे तुमची खिडकी देवया तेका?" त्यानंतर मावशींना बाहेर विमानतळाच्या भिंतीत असं काही दिसलं की त्यांनी मुंबई येईपर्यंत मान वळवली नाही. दुसऱ्याच्या खिशातला दानधर्म फार सोपा असतो हो.

आता जरा हिशेब बघा, मला तिथे उभ्या उभ्या सुचला तो. यांच्या सीट सात डी, सात ई आणि बावीस बी. तिघांना एकत्रच बसायचं होतं ना? मग बावीस ए आणि बावीस सीवरच्या दोघांना जाऊन विचारायचं की तुम्ही सातव्या रांगेत येता का. कोण नाही म्हणेल? पुढची रांग, उतरताना पंधरा रांगांची वाट बघायला नको, एकाला तर कडेची जागा. ते उड्या मारत आले असते. मग हे तिघं मागे एका ओळीत, वर पोराला खिडकी. सगळे खूश. पण नाही! कारण यांना एकत्र बसायचं होतं ते पुढे. मागे जायचं होतं फक्त मी. अदलाबदल करायची तर आपल्याकडची चांगली जागा पुढे करून दुसऱ्याची कमी सोयीची घ्यायची असते. हे उलटं, वाईट देऊन चांगलं मागणं, याला आमच्याकडे शुद्ध फसवणूक म्हणतात.

"लहान मुलाला आईवडिलांबरोबर बसवायचा नियम आहे," हेही ऐकवून झालं. आहे ना नियम. 2024च्या एप्रिलमध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, विमान कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या, म्हणजे एकाच बुकिंगमधल्या, आईवडील किंवा पालकांपैकी निदान एकाशेजारी जागा द्या. निदान एकाशेजारी! ती दिलीच होती, आई शेजारीच होती. बापाच्या मांडीला मांडी लावून बसायचा नियम मला तरी माहीत नाही. आणि नियम कंपनीसाठी आहे. सात एफवरच्या बाईने उठून जावं असं त्यात कुठे आहे?

शेवटी एअर होस्टेस आली, पास बघितला, आणि त्या साहेबांना बूट हातात घेऊन बावीस बीला जावं लागलं. जाताना, "माणुसकीच राहिली नाही लोकांत." राहिलीय हो. तुमच्या बाजूने दाखवायचं कुणाला सुचत नाही इतकंच.

एकदा असं कुणाचं तरी ऐकून जागा सोडली होती मी. एका नवरा-बायकोला शेजारी बसायचं होतं, नवं लग्न झालेलं दिसत होतं, म्हटलं जाऊ दे. माझं सँडविच आधी बुक केलेलं होतं. हे बुकिंग सीट नंबराला चिकटलेलं असतं. होस्टेस यादी घेऊन आली, माझ्या जुन्या सीटपाशी थांबली, नंबर बघून सँडविच त्या नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्याने घेतलं! एक शब्द नाही, मागे वळून बघणं नाही. मी मागून मान उंच करून बघतेय, तो कागद सोलून खातोय. उतरताना बायकोने हसत मालवणी खाजाचं पुडकं पुढे केलं, त्यातही दोनच तुकडे उरलेले. दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट टेकवतो ना, अगदी तसं.

आणि हे जागा बदलणं दिसतं तितकं खाजगी नसतं. पंखे लावलेल्या छोट्या विमानांत पुढचं-मागचं वजन हिशेबाने बसवलेलं असतं, उड्डाणाआधी रांग बदलायची तर क्रूला विचारावंच लागतं. इमर्जन्सी दाराजवळच्या रांगेत म्हातारी माणसं, मुलं, गरोदर बाया बसवत नाहीत, कारण वेळ आलीच तर ते दार उघडायचं असतं. तरी तिथे आपल्या आईला बसवायला निघालेले महाभाग मी बघितलेत. "आईचे पाय दुखतात, इथे जागा मोठी आहे." अहो, आग लागली तर आई दार काढणार आहे का?

कोकण रेल्वेत याच नाटकाचा रात्रीचा प्रयोग असतो. आता आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, चतुर्थीच्या गाड्या बघता बघता भरतात. त्यासाठी माणूस सकाळी आठच्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसतो, लोअर बर्थ मिळवतो, आणि कोकणकन्येत चढतो तर बर्थवर आधीच चादर पसरून कुणीतरी धष्टपुष्ट भाऊ. "तुम्ही वर जा ना, मला वर चढवत नाही." वय तिशीच्या आतबाहेर, दंडाच्या बेटकुळ्या शर्टात मावत नाहीत, आणि चढवत नाही! साठ पार केलेल्या पुरुषांना आणि पंचेचाळीसच्या वरच्या बायकांना, एकटे-दुकटे असतील तर, रेल्वे स्वतःच लोअर बर्थ देते, शिल्लक असेल तोवर. तो कोटा या तरण्याबांडासाठी नाही.

ज्यांना खरी गरज असते त्यांचं विचारणंच वेगळं असतं. रत्नागिरीला एक आजोबा चढले होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. ते उभे राहिले. बसले नाहीत, उभे राहिले. म्हणाले, "माझा वरचा आला आहे, बाई. तुम्हाला जमणार असेल तर बघा, नाहीतर मी टीसीला विचारतो." मी काय, कुणीही उठलं असतं. मी तर त्यांची पिशवीही खाली लावून दिली. विचारण्यात नाही ऐकायची तयारी असली की समोरच्याच्या तोंडून आपोआप हो निघतं. बूट काढून, पट्टा बांधून, चादर पसरून केलेल्या विनंतीला मी विनंती मानत नाही.

मुंबईला सामानाच्या पट्ट्यापाशी विमानातले ते बावीस बीचे साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते, मी चार पावलांवर असताना, "अरे, एक बाई भेटली विमानात, जागची हलायलाच तयार नाही." बरोबर ऐकलंत, नव्हतेच तयार. पुढच्या चतुर्थीलाही परतीच्या तिकिटावर उजवीकडचीच खिडकी असणार आहे. ज्यांना कुटुंबासकट पुढे बसायचंय त्यांनी तिन्ही सीटचे पैसे आत्तापासून बाजूला काढून ठेवावेत, आणि ते जड जात असतील तर बावीस नंबरची रांग पूर्ण घ्यावी. स्वस्त पडते.