‘विरिदियाना’ ही काका-पुतणीची प्रेमकथा नाही

गेल्या आठवड्यात भाचीने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘मावशी, यातलं खरं किती?’ ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या गावच्या फिल्म सोसायटीत ‘विरिदियाना’ हा १९६१ चा स्पॅनिश सिनेमा दाखवणार आहेत. तिने नाव नोंदवलं होतं, पण हाच मजकूर दाजींच्या मोबाइलवर आला आणि तिचं जाणं रद्द झालं. त्याआधी तो माझ्याकडेही तीन ग्रुपवरून येऊन गेला होता. तिन्ही वेळा मी काही न बोलता तो सोडून दिला, तेव्हाच बोलायला हवं होतं.

मजकूर थोडक्यात असा: ‘विरिदियाना’ ही स्पेनमधली सत्यकथा आहे. सख्खा काका आणि पुतणी यांचं प्रेम त्यात रंगवलंय. पुतणी स्वतःहून नवरीचा पोशाख घालून काकासमोर येते. असल्या सिनेमाला युरोपने सर्वोच्च पुरस्कार दिला, आणि कुटुंबव्यवस्था वाचवण्यासाठी स्पेनच्या सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. शेवटी नेहमीची ओळ: आपल्या संस्कृतीत असलं काही नसतं, मुलींना यापासून दूर ठेवा.

सत्यकथेचं आधी उरकते. सत्यकथा नाही. दिग्दर्शक लुईस बुन्युएल याने आपल्या आत्मचरित्रात सिनेमा कसा सुचला ते स्वतः सांगितलंय: शाळेत असताना ऐकलेली विरिदियाना नावाची एक फारशी माहीत नसलेली संत, आणि त्याच्या मनातली एक जुनी कल्पना. त्या कल्पनेबद्दल पुढे बोलते, कारण तिथे मला थोडं मागे यावं लागणार आहे.

‘सख्खा काका’ हे तर फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पदरचं घातलेलं आहे. स्पॅनिशमध्ये काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, सगळ्यांना एकच शब्द, ‘तिओ’. सिनेमात दॉन हाइमे हा विरिदियानाचा तिओ आहे, आणि ती दिसायला-चालायला हुबेहूब त्याच्या मेलेल्या बायकोसारखी आहे. सगळी गोष्ट या साम्यावरच उभी आहे. म्हणजे रक्ताचं नातं दिसतं ते त्या बायकोशी. मराठीत आपल्याकडे प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे. त्यातला सगळ्यात जास्त धक्का देणारा तेवढा उचलला, बाकी काही नाही.

आता पोशाख. या एका वाक्यामुळे मी हे लिहायला बसले.

विरिदियाना नन, म्हणजे ख्रिस्ती मठातली साध्वी, व्हायला निघालेली आहे. शेवटची शपथ घेण्याआधी मठाच्या मुख्य साध्वीच्या सांगण्यावरून, मनाविरुद्ध, ती या एकट्या नातेवाईकाला भेटायला येते. त्याची बायको लग्नाच्या रात्रीच, त्याच पोशाखात वारलेली. तो तिला विनवतो की एकदाच हा पोशाख घालून दाखव. ती घालते. हो, घालते. एवढं खरं आहे. घरातल्या एकाकी वयस्कर माणसाने काकुळतीने काही मागितलं तर किती मुली ‘नाही’ म्हणू शकतात, हे आपल्या घरांमध्ये आपण पाहिलेलं आहे. त्यानंतर तिच्यापुढे लग्नाचा विषय निघतो. ती हादरते, स्पष्ट नकार देते. मग मोलकरीण रामोनाकडून तिच्या पेयात गुंगीचं औषध घातलं जातं. बेशुद्ध विरिदियानाला तो उचलून पलंगावर ठेवतो, तिच्या पोशाखाची बटणं सोडतो, तिचं चुंबन घेतो, आणि थांबतो.

फॉरवर्डमध्ये नकार नाही. औषध नाही. बेशुद्धी नाही. एवढं सगळं गाळल्यावर जे उरतं त्याला यांनी ‘प्रेम’ म्हटलंय.

आणि सर्वात भयंकर गोष्ट तर पुढेच आहे. सकाळी तो तिला सांगतो की रात्री तू माझी झालीस, आता मठात परत जाण्यालायक राहिली नाहीस. हे खोटं आहे. तिने घर सोडू नये म्हणून तो हे बोलतो. ती सामान बांधायला लागते तेव्हा तो कबूल करतो की मी काहीच केलं नाही. पण तिने आता कशावर विश्वास ठेवायचा? रात्रीचं तिला काही आठवत नाही. तिच्या शरीराचं काय झालं, हे सांगणारा एकमेव माणूस तोच, आणि त्याने तासाभरात दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. तिच्या चेहऱ्यावरची ती शंका बुन्युएल पुसत नाही. ‘तू आता डागाळलीस, दुसरीकडे कोण घेईल तुला’ हे वाक्य बोलून मुलींना घरात अडकवून ठेवायला स्पॅनिश यावं लागत नाही.

यावर ग्रुपमधल्या एका काकांचं उत्तर आलं: ‘पण त्याने प्रत्यक्षात काही केलं नाही ना? आणि पश्चात्तापाने जीव दिला बिचाऱ्याने.’ दिला. रामोनाच्या लहान मुलीला त्याने दिलेल्या उडी मारायच्या दोरीनेच त्याने फास घेतला. पण सिनेमा त्यावर हळहळत बसत नाही. पुढे विरिदियाना गावातल्या भिकाऱ्यांना आसरा देते आणि त्यांच्यापैकीच एक जण तिच्यावर बळजबरी करू पाहतो, तेव्हा त्याच्या कमरेला तीच दोरी बांधलेली असते. झटापटीत तिच्या हाताला त्या दोरीची मूठ लागते. सभ्य जमीनदार आणि भिकारी, दोघांना एकाच दोरीने बांधणारा माणूस त्या म्हाताऱ्याचं कौतुक करत होता असं म्हणायला सिनेमा न पाहणंच गरजेचं आहे.

आता मागे येते. त्या आत्मचरित्रात बुन्युएलने लिहिलंय की औषधाने गुंगवलेल्या स्पेनच्या राणीशी संग करण्याची त्याची एक जुनी लैंगिक कल्पना होती, आणि तीच त्याने या संताच्या कथेला जोडली. म्हणजे या प्रसंगाचं मूळ दिग्दर्शकाच्या स्वतःच्या वासनेत आहे. हे वाचून मला त्रास होतो आणि ते लपवावं असं मला वाटत नाही. फॉरवर्डवाल्याने हा मुद्दा मांडला असता तर मला जड गेलं असतं. पण त्या कल्पनेतून निघालेल्या सिनेमात शुद्धीवर आलेल्या बाईला जागा आहे. तिची सकाळ आहे.

बंदीचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. सिनेमा हुकूमशहा फ्रँकोच्याच स्पेनमध्ये, पटकथा सेन्सॉरला दाखवून बनला. १९६१ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला पाम द’ऑर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, विभागून मिळाला आणि तो घ्यायला खुद्द स्पेनच्या चित्रपट खात्याचे महासंचालक मंचावर गेले. त्यानंतर व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्व्हातोरे रोमानो’ या वृत्तपत्राने धर्मनिंदा म्हणून झोड उठवली. भिकाऱ्यांचं जेवण येशूच्या अखेरच्या भोजनासारखं मांडलं होतं, क्रूसातून चाकू उघडत होता. महासंचालकांची नोकरी गेली, स्पेनमध्ये सिनेमावर बंदी आली आणि फ्रँको मेल्यावर, १९७७ साली, तो तिथे लागला. रोष होता तो धर्माच्या अपमानाचा. कुटुंब वाचवण्याचा संबंध नाही.

सेन्सॉर कुठे अडलं होतं तेही पाहा. मूळ शेवटात विरिदियाना रात्री दॉन हाइमेच्या मुलाच्या, होर्हेच्या, खोलीचं दार वाजवते, आत जाते, दार बंद होतं. हे चालणार नाही म्हणाले. मग बुन्युएलने तिला होर्हे आणि रामोनाबरोबर पत्ते खेळायला बसवलं, आणि हा शेवट जास्तच सूचक झाला असं तो लिहितो. औषध पाजण्याचा प्रसंग पडद्यावर राहिला आणि बाईने आपल्या पायांनी चालत जाणं मात्र खुपलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याची नजर त्या सेन्सॉरसारखीच आहे.

‘आपल्या संस्कृतीत नाही’ यावर फार वेळ घालवत नाही. स्पेनच्या दुसऱ्या फेलिपेने १५७० मध्ये आणि चौथ्या फेलिपेने १६४९ मध्ये सख्ख्या बहिणीच्या मुलीशी लग्न केलं, चर्चच्या परवानगीने. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अनेक घरांत होतं. कर्नाटकात, आंध्रात, तामिळनाडूत मामा-भाचीचंही होतं, आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा रूढी असेल तिथे अशा नात्यांना सूट देतो. कुठलं नातं निषिद्ध, हे गावागणिक बदलतं. बेशुद्ध मुलीला विचारता येत नाही, हे कुठेच बदलत नाही. भारतात नोंद झालेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. त्यात घरचेही येतात.

दाजी, हे तुम्हीही वाचाल म्हणून लिहिते. पोरगी एकोणीस वर्षांची आहे. सिनेमा दीड तासाचा आहे. शनिवारी तिच्या शेजारी बसून पाहा. दॉन हाइमे सकाळी जे खोटं बोलतो, त्याबद्दल तिला काय वाटलं ते घरी येताना तिला विचारा, आणि ती बोलेल ते पूर्ण ऐकून घ्या.