खाल्लेलं जातं कुठे?

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये सहा माणसं मावतात आणि त्यातली पाच बालरोगतज्ज्ञ असतात. तळमजल्यावर मी ठकूला कडेवर घेऊन आत शिरलो की चौथा मजला येईपर्यंत तिचं वजन नजरेनेच केलं जातं. "बारीक झाली का हो?" पहिला मजला. "बाळसं म्हणून धरलंच नाही हिने." दुसरा. "दात येत असतील." तिसरा. चौथ्या मजल्यावर दार उघडताना एक काकू जाता जाता सांगतात, "आमच्या नातवाला आम्ही रोज लोण्याचा गोळा द्यायचो." त्यांचा नातू आता इंजिनिअरिंगला आहे. तो आत असला की ही सहा माणसांची लिफ्ट चौथ्या माणसालाच घंटा वाजवते.

ठकू दीड वर्षाची. आमच्या आईच्या मते ती "पाप्याचं पितर" आहे. या वाक्यातला पापी कोण, हे आई सांगत नाही, पण सांगताना माझ्याकडे बघते.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. काट्यावर ठेवल्याबरोबर ठकूने असा टाहो फोडला की बाहेर बसलेल्या, नुसत्या सर्दीला आलेल्या पोरांनीही साथ धरली. सिस्टरनी आकडा वाचला, "आठ किलो नऊशे. मागच्या तीन महिन्यांत दीडशे ग्रॅम." दीडशे ग्रॅम! आमच्याकडे चहाबरोबर एका बैठकीत एवढं फरसाण संपतं.

डॉक्टरांनी माता व बाल संरक्षण कार्ड उघडलं. त्यातल्या वजनाच्या आलेखात हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे पट्टे असतात. ठकू हिरव्यातच होती, पण तिची रेघ वर चढायची सोडून आडवी पडली होती, दुपारी जेवून आडवी पडावी तशी. "काय काय खाते?" डॉक्टरांनी विचारलं. आम्ही नवरा-बायकोनी पाठ केलेली यादी म्हटली: भाताची पेज, डाळीचं पाणी, भाज्यांचं सूप, मोसंब्याचा रस.

"हे सगळं पिण्याचं झालं," डॉक्टर म्हणाले. "खाते काय?"

आम्ही गप्प.

"दूध किती?"

"तीन बाटल्या," बायको म्हणाली. मग फार हळू म्हणाली, "अडीचशेच्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. साडेसातशे मिली दूध रिचवून आलेल्या माणसाला तुम्ही जेवायचा आग्रह करता, असं त्यांचं म्हणणं. या वयात एका वेळचं जेवण पाऊण ते एक वाटी. त्या वाटीत पाणी भरलं तर पोट भरतं, अंग भरत नाही. शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि दूध फार झालं की अन्नातलं लोहही अंगाला नीट लागत नाही. दूध पाचशेच्या आत आणा, बाटली बंद करून पेल्याने द्या, आणि "डाळीचं पाणी तुम्ही प्या, डाळ तिला द्या."

घरी येऊन मी कार्डावरची मधली, म्हणजे साधारण मुलांच्या वजनाची रेघ घेऊन बसलो. दीड वर्षाच्या मुलीसाठी ती १० किलो २०० ग्रॅमवरून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली या रेघा काढल्या, त्याही सहा देशांतली मुलं मोजून: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. हे मी मोठ्या कौतुकाने व्हिडिओ कॉलवर दोन्ही आज्यांना सांगितलं. तिथेच चुकलो.

"नॉर्वेतली पोरं काय खातात रे?" सोलापुराहून आईने विचारलं.

"मासे वगैरे."

"मग आपल्या लेकराची त्यांच्याशी बरोबरी कशाला लावतोस?"

"मासे!" देवरुखाहून सासूबाई म्हणाल्या. "बघा, मी काय सांगत होते जावईबापू?"

आणि युद्धाला तोंड फुटलं.

आईचा पक्ष शेंगदाण्याचा. सोलापुरात माणूस जन्मतो, वाढतो, भांडतो तो शेंगदाण्याच्या कुटावर. कूट खिचडीत, कूट भाजीत, कूट दह्यात. तेवढं ठीक आहे, कुटात प्रथिनंही आहेत आणि स्निग्धांशही. पण आईचं म्हणणं, मूठभर भाजके दाणे पोरीच्या हातात द्यायचे, बसेल खात. अख्खा दाणा या वयात घशात अडकतो, हे सांगितलं तर म्हणाली, "तुला नाही दिले मी? काय झालं तुला?" बायकोने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उत्तर द्यायचं टाळलं.

सासूबाईंचा पक्ष नाचणी, खोबरं, केळी आणि समुद्र. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून, दळून त्यांनी दोन किलो पीठ एसटीने पाठवलं. यात एक गंमत आहे, ती मला डॉक्टरांनी समजावली. साध्या पिठाची लापशी चटकन घट्ट होते, मग आपण पाणी ओतत जातो. मोड आलेल्या धान्याची लापशी शिजल्यावरही सैल राहते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. म्हणजे सासूबाई बरोबर होत्या. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

आईने उत्तर म्हणून सिद्धेश्वर एक्सप्रेसने येणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर डबा पाठवला. कल्याण स्टेशनवर पहाटे तो डबा उतरवून घेताना मला आपण काहीतरी बेकायदेशीर करतोय असं वाटत होतं. आत खारीक-बदामाची पूड, ज्वारीच्या लाह्यांचं पीठ, साजूक तूप, आणि सवयीने पाठवलेली शेंगाचटणी, जी ठकूला चालणार नव्हती आणि मला चालली.

मग अंड्याचा प्रश्न आला. आमची आई शाकाहारी. माळेची शपथ वगैरे नाही, पण घरात अंडं आलं तर तिला सोलापुरात वास येतो. डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलेलं. म्हणून आम्ही फोनवर अंड्याला "बटाटा" म्हणायचं ठरवलं. "आज ठकूने अख्खा बटाटा खाल्ला." आई खूश. सात-आठ दिवस हा बटाटा बिनबोभाट चालला. नवव्या दिवशी व्हिडिओ कॉल चालू असताना ठकूने हातातला तुकडा कॅमेऱ्यापुढे धरला. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा कुठला बटाटा रे, आतून पिवळा आणि बाहेरून पांढरा?" मी म्हणालो, "इकडे असाच मिळतो." ती फोन ठेवताना एवढंच म्हणाली, "साल काढून देत जा."

मधल्या काळात माझी बहीण भाचीसाठी पौष्टिक पावडरचा डबा घेऊन आली. डब्यावर एक मुलगा आकाशात उडी मारत होता. मागचा बारीक मजकूर वाचला तर साखर बरीच वरच्या नंबरला बसलेली. मुलगा का उडत होता ते कळलं. डबा माळ्यावर गेला, त्याबरोबर आलेला फुकटचा चेंडू मात्र ठकूचा सर्वांत आवडता खाद्यपदार्थ ठरला. तो ती दिवसभर चावते.

आता प्रत्यक्ष भरवण्याबद्दल. हे काम संध्याकाळी साडेसहाला गॅलरीत होतं आणि ते माझ्याकडे आहे, कारण बायकोच्या मते दिवसाच्या दोन पाळ्या ती करते. वाटीत मऊ भात, घट्ट वरण, कुस्करलेला लाल भोपळा आणि वर तूप. तुपाबद्दल डॉक्टरांनी सोपं गणित सांगितलं होतं: भातातल्या कर्बोदकांच्या एका ग्रॅममधून चार कॅलरी, तुपाच्या एका ग्रॅममधून नऊ. चहाचा एक चमचा तूप म्हणजे पंचेचाळीस. वाटी तेवढीच, दारूगोळा दुप्पट. त्या उत्साहात मी पहिल्या दिवशी इतकं तूप ओतलं की घास बोटांत थांबेना, मासोळीसारखा निसटायचा.

ठकू पहिले दोन घास असे खाते की बघणाऱ्याला वाटावं, उगाच काळजी करतात हे लोक. ही तिची चाल आहे. तिसऱ्या घासाला तोंड मिटतं. मग मी "हा घास चिऊचा" सुरू करतो. कल्याणात चिमणी मी शेवटची कधी पाहिली ते आठवत नाही. आमच्या गॅलरीत कबुतरं आहेत. त्यामुळे ठकू चिऊ शोधते, कबूतर दिसतं आणि ती माझ्याकडे खोटारड्या माणसाकडे बघावं तसं बघते. "हा घास काऊचा" म्हटल्यावर मात्र काऊ खरंच येतो. तो रोज साडेसहाला येतो. एकदा मी नीट हिशेब ठेवला. वाटीत चौदा घास होते. त्यातले तीन काऊने नेले, दोन कबुतरांनी, चार फरशीने, एक माझ्या सदऱ्याच्या खिशाने आणि चार ठकूने. त्या चारांतलेही सगळे पोटात गेले असं म्हणवत नाही, कारण ठकूच्या डाव्या गालात एक कणगी आहे. घास तिथे जातो आणि साठवला जातो. दुपारची पोळी संध्याकाळी पाचला, खेळता खेळता, काही विचारलं नसताना बाहेर आलेली मी स्वतः पाहिली आहे.

वाटीत उरलेलं मी खातो. टाकवत नाही. तूप असतं.

वजन वाढतंय का, हे कळायला महिनाभर थांबायचं असतं. मी थांबलो नाही. घरच्या काट्यावर आधी मी एकटा उभा राहिलो, ७८ किलो ४००. मग ठकूला घेऊन. वजाबाकी केली. पण ठकू लाथा मारते, त्यामुळे उत्तर ८ किलो ६०० पासून ९ किलो ८०० पर्यंत कुठेही येई. सकाळी मुलगी सुदृढ, दुपारी खंगलेली, संध्याकाळी पुन्हा सुदृढ. त्यात कधी डायपर भरलेला. एकदा रद्दीवाला आला होता. मनात नसताना मी त्याच्या लटकत्या काट्याकडे पाहिलं. बायको म्हणाली, "खबरदार. आणि त्याचा काटा नेहमी कमीच दाखवतो."

रागारागाने एकदा मी हिशेबही मांडला. ठकू जन्मली तेव्हा २ किलो ८००. वर्षाची झाली तेव्हा बरोबर तिप्पट, ८ किलो ४००. साधारण असंच व्हायला हवं असतं. सगळ्यांना वाटतं हाच वेग पुढेही राहावा. राहू द्या. दुसऱ्या वाढदिवसाला २५ किलो, तिसऱ्याला ७५, चौथ्याला २२६ आणि पाचव्याला ६८० किलो, म्हणजे आईच्या माहेरच्या पंढरपुरी म्हशीपेक्षा भारी. मुलं दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतात आणि म्हणून भूकही कमी होते, हे देवाचे उपकार आहेत. मी हे लिफ्टमध्ये सांगून पाहिलं. काकू म्हणाल्या, "तरी पण लोणी देऊन बघा."

डॉक्टरांनी दूरध्वनीवर आणखी एक नियम दिला: काय, कधी आणि कुठे खायचं ते तुम्ही ठरवा, किती, ते तिला ठरवू द्या. हे ऐकून देवरुख आणि सोलापूर यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. "हिने ठरवायचं?" आई म्हणाली. "डावी-उजवी चप्पल कळत नाही हिला!" "डॉक्टरांना मुलं आहेत का विचारा," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही तरी केलं. बाटली कपाटात गेली. तीन दिवस ठकूने सोसायटीला झोपू दिलं नाही, लिफ्टमधल्या पाचही तज्ज्ञांनी आमच्यावर क्रूरतेचा ठपका ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी मी पोहे खात असताना ती आली, माझ्या ताटलीवर ओणवी झाली आणि दोन्ही हातांनी खायला लागली. कोणी चिऊ म्हणालं नाही, कोणी काऊ म्हणालं नाही. मी श्वास धरून बसलो होतो, वाघ पाणी प्यायला आल्यावर मचाणावर बसतात तसा.

त्यानंतर तिला वाटी तिच्यापुढे द्यायला लागलो. कधी केळं, कधी दहीभात, कधी कूट घातलेली खिचडी, तर कधी सासूबाईंची लापशी आईच्या तुपात. निम्मं अंगावर, पण अंगावर म्हणजे बाहेरून.

दोन महिन्यांनी पुन्हा डॉक्टर. टाहो, साथ, सगळं आधीसारखं. सिस्टर म्हणाल्या, "नऊ किलो साडेतीनशे." बायकोने माझा हात इतका दाबला की मला तिचंही वजन कळलं. कार्डावरची रेघ उठून बसली होती. डॉक्टर खूश. त्यांनी घसा बघायला टॉर्च घेतला, "आ कर बेटा," म्हणाले आणि थांबले. मग चिमट्याने डाव्या गालातून हळूच एक तुकडा काढला.

"हे काय आहे?"

"थालीपीठ," मी म्हणालो.

"कधीचं?"

आम्ही दोघांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा वाजले होते. "साडेआठचं," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी तुकडा सिस्टरना दाखवला. "वजन परत करायचं का?"

"राहू द्या सर," सिस्टर म्हणाल्या, "एवढं चालतं."

तोवर ठकूने हात लांब करून तुकडा चिमट्यातून काढून घेतला आणि नीट, पूर्वीच्याच जागी, परत ठेवला.