ब्लॅक सॅबथच्या तारा ढिल्या नव्हत्या

ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला (२२ जुलै २०२५), तेव्हापासून एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ब्लॅक सॅबथवाले सैतानाचे भक्त, गिटारवादक टोनी आयोमीची बोटं तुटली म्हणून त्याने तारा ढिल्या केल्या, त्यांवर चर्चने बंदी घातलेला सूर वाजवला आणि एका दिवसात पहिला अल्बम उरकला.

एका दिवसाचं आधी निकालात काढतो, कारण ते खरं आहे. ऑक्टोबर १९६९, लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ, साधारण बारा तास. कार्यक्रमांत वाजवून वाजवून गाणी हातात बसली होती, तीच तिथे वाजवली. सुरुवातीचा पाऊस आणि घंटा तेवढी नंतर जोडली.

बोटांचा अपघातही खराच. बर्मिंगहॅमचा पत्र्याचा कारखाना, वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस. मशीनने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. पठ्ठ्याने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात आणि बारीक तारांचे सेट मिळेनात, म्हणून गिटारला बँजोच्या तारा लावल्या. पण तारा बारीक करणं वेगळं आणि उतरवणं, म्हणजे ढिल्या करून सूर खाली आणणं, वेगळं, आणि फॉरवर्ड घसरतो तो इथेच. गिटार नेहमीसारखी, म्हणजे सगळ्यात जाड तार ई सुरात, लावा आणि पहिल्या अल्बमच्या 'ब्लॅक सॅबथ' या शीर्षकगीताबरोबर वाजवून बघा: सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट (दांडीवरचा पडदा), मग तोच सूर वरच्या सप्तकात, मग शेजारच्या तारेचा चौथा फ्रेट. चपखल बसतं. तारा तीन अर्धस्वर उतरल्या त्या १९७१च्या तिसऱ्या अल्बमात, त्याही काही गाण्यांपुरत्या.

आता तो 'बंदीचा' सूर. वरचे तीन सूर आपल्या भाषेत सा, तार सा आणि तीव्र मध्यम. सा ते तीव्र म हे अंतर गायला अवघड, म्हणून मध्ययुगातले युरोपी शास्त्रकार ते टाळायला सांगत. पण ते वापरलं म्हणून चर्चने कुणाला शिक्षा केल्याचा पुरावा नाही. 'संगीतातला सैतान' हे नाव लेखी सापडतं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून. आणि तीव्र म सैतानी असेल, तर यमन गिरवणाऱ्या आपल्याकडच्या पोरासोरांचं काय करायचं? भीती वाटते ती आयोमीच्या वाजवण्यामुळे. लय रांगती, आणि तीव्र मावर येऊन तो सूर थरथरवत ठेवतो. पंचमाला शिवतो, पण टेकत नाही. मुळात ही कल्पना सुचली ती बँडचा बासवादक गीझर बटलर संगीतकार होल्स्टच्या 'मार्स' या रचनेची धून छेडत होता त्यावरून.

राहिली सैतानभक्ती. शीर्षकगीतातला माणूस काळी आकृती बघून गर्भगळीत होतो आणि देवाचा धावा करतो. भक्त असा वागतो होय? कव्हरच्या आत उलटा क्रूस आहे खरा, पण तो रेकॉर्ड कंपनीने परस्पर छापला, बँडला आवडलाही नव्हता. चौघांच्या गळ्यातले ॲल्युमिनियमचे क्रूस ऑझीच्या वडिलांनी, एका टूलमेकरने, बनवून दिलेले. ते सुलटेच होते.