आधी तसबीर, मग विनोद : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अभिजात नाटकांच्या विनोदी रूपांतरांवरच्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन. ‘विनोद सगळ्यात शेवटी लिहा’ हा सल्ला पुस्तकी आहे, कारण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या नाटकात आजचे चुरचुरीत संवाद घातल्याशिवाय प्रेक्षक हसणार नाही. दुसरा, देवलांचं संगीत नाटक ‘संशयकल्लोळ’ म्हणजे नावं बदलून गाणी घातलेला फ्रेंच नाटककार मोलिएर. तिसरा, या दोघांच्या मधल्या इंग्रजी नाटकाचा लेखात उल्लेखच नाही.

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य. मोलिएरचं ‘स्गानारेल’ १६६० चं, एका अंकाचं, पद्यातलं. आर्थर मर्फीने १७६१ मध्ये त्यावरून ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी नाटक केलं. गोविंद बल्लाळ देवलांचं १८९३ चं गद्य नाटक ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ त्यावर बेतलेलं आहे आणि १९१६ चं ‘संगीत संशयकल्लोळ’ हे त्याचं संगीत रूप. मर्फीला वगळून थेट मोलिएरवर उडी मारणं चूकच होतं.

पहिल्या दोन आक्षेपांचं उत्तर मात्र एकच आहे आणि ते त्या तसबिरीत आहे.

मोलिएरचा तो प्रसंग बघा. नायिका सेलीला घेरी येते आणि हातातली प्रियकराची तसबीर खाली पडते. दासी मदतीला माणूस आणायला धावते आणि जाता जाता रस्त्याने चाललेल्या विवाहित स्गानारेलला सांगते, हिला जरा धरा. तो श्वास चालू आहे का बघायला वाकतो आणि नेमकी त्याच वेळी त्याची बायको खिडकीत येते. ती खाली उतरेपर्यंत नवरा मुलीला घरी पोचवायला गेलेला असतो. रस्त्यात फक्त तसबीर. ती उचलून न्याहाळत असताना नवरा परत येतो आणि तिच्या खांद्यावरून बघतो. पुढे तीच तसबीर नवऱ्याच्या हातात येते आणि ती नेमकी प्रियकराला दिसते. कुठून मिळाली, असं तो विचारतो. उत्तर येतं, माझ्या बायकोकडून. झालं! सेलीचं लग्न याच्याशी लागलं, असं तो धरून चालतो.

यात कोटी एकही नाही, तरी प्रेक्षक हसतो, कारण सगळं खरं फक्त त्याला ठाऊक असतं. म्हणून रूपांतराला बसताना आधी तक्ता करायचा. दर आगमन-निर्गमनाला एक ओळ. (मोलिएरच्या छापील संहितेत पात्र आलं-गेलं की नवा प्रवेश धरतात, त्यामुळे तक्ता जवळपास तयारच मिळतो.) रकाने चार: तसबीर कोणाकडे, कोणाला काय दिसलं, खरं काय, त्याला काय वाटलं. शेवटचे दोन रकाने सारखे निघाले तर त्या प्रवेशात विनोदाचं इंजिन बंद आहे. तिथे कितीही कोट्या पेरा, गाडी ढकलावीच लागणार.

आता तुमचे ‘आजचे संवाद’. तसबिरीऐवजी मोबाइलमधला फोटो घ्या, असं तुम्ही सुचवलंत. तसबीर एकच असते. ती याच्याकडे आली म्हणजे त्याच्याकडून गेली. फोटो दहा जणांकडे असू शकतो, मग कोणाकडे सापडला यावरून काहीच सिद्ध होत नाही. वस्तू बदलायची तर एकुलती एकच हवी: अंगठी, घराची किल्ली, हाताने लिहिलेली चिठ्ठी. आणि शेवटच्या रांगेतून ओळखू येईल एवढी.

दुसरी अडचण त्या ‘बायकोकडून’ या शब्दाची. तिथे नाव उच्चारलं की नाटक संपलं. जुन्या मराठी वळणात नवरा परक्यापुढे बायकोचं नाव घेत नसे, ‘आमच्या मंडळींकडे’ म्हणे. त्यामुळे हा गैरसमज मराठीत मुळीच ओढूनताणून वाटत नाही. आजच्या जोडप्यात नवरा सहज ‘रश्मीकडे होती’ म्हणेल. मग नाव न घेण्याचं नवं कारण शोधावंच लागतं. रूपांतराची खरी मेहनत ही.

‘नावं बदलून गाणी घातली’ हेही म्हणूनच पटत नाही. नावांचा खेळ सुंदर आहेच: फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, वैशाखशेठ हे महिने आणि कृत्तिका, रेवती, रोहिणी ही नक्षत्रं. पण मोठा बदल रेवतीचा. मोलिएरची सेली सुखवस्तू घरातली, तिची अडचण म्हणजे पैशासाठी दुसरीकडे लग्न लावू पाहणारा बाप. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी. तिच्याबद्दल संशय घ्यायला समाज आधीच टपलेला, म्हणून तिच्या प्रियकराच्या, अश्विनशेठच्या मनात तो इतक्या लवकर धरतो. संशयाला इथल्या मातीतलं कारण मिळालं. याला नावं बदलणं म्हणत नाहीत.

हेच आपल्याबाहेरही दिसतं. इटालियन नाटककार गोल्दोनीच्या ‘दोन मालकांचा नोकर’ या नाटकाला इंग्रज नाटककार रिचर्ड बीनने २०११ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरसाठी १९६३ च्या ब्रायटनमध्ये नेलं. संवाद नवे, पण नोकराची भूक आणि दोन मालकांना एकाच वेळी जेवण वाढण्याचा गोंधळ जागच्या जागी. शिवाय बीनला एक पेच दिसला: नोकराचं पोट भरल्यावर पुढे त्याला धावायला लावणार काय? उत्तरार्धात तो बाईमागे लागतो आणि हे कारण प्रेक्षकांनाच सांगतो. आधी पेच सुटला, विनोद त्यातून आला.

चुरचुरीत वाक्यांना विरोध नाही, त्यांच्या जागेला आहे. माहितीच्या वाक्याच्या आधी हशा घेतलात तर माहिती हशात बुडते. ‘बायकोकडून’च्या आधीची दोन वाक्यं कोरडी ठेवा, हशा त्यानंतर घ्या. गाण्याचंही तसंच: पात्राला संशय येऊन पक्का होईपर्यंत मध्ये गाणं नको, तो पक्का झाल्यावर हवं तेवढं गा.

तुम्ही हौशी संघासाठी दोन तासांची आवृत्ती करताय, म्हणून एक तालीम सुचवतो. पहिला अंक पूर्ण मुका करून बघा. संवाद नाहीत, फक्त येणं-जाणं, तसबीर आणि नजरा. संहिता न वाचलेल्या एकाला समोर बसवा आणि नंतर विचारा, कोण कोणावर का संशय घेतंय. तो अडखळेल तिथे बहुतेक वेळा खिडकी चुकलेली असते: बायको दासी जाण्याआधीच डोकावते, म्हणजे तिला सगळं खरं दिसतं, किंवा घेरी आलेली मुलगी खिडकीच्या इतकी खाली असते की बायकोला वाकावं लागतं आणि तिचा चेहराच प्रेक्षकांना दिसत नाही. मुलीला खिडकीपासून चार-पाच पावलं पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला आणा आणि नवऱ्याची पाठ खिडकीकडे ठेवा. मागून पाहणाऱ्या बायकोला तो फक्त वाकलेला दिसेल.