पॉझिटिव्ह आईचं बाळ पॉझिटिव्हच? नाही!

एक मेसेज फिरतोय: एचआयव्ही असलेल्या बाईचं मूल पॉझिटिव्हच जन्मतं, गोळ्यांनी पोटातल्या बाळाला अपाय होतो, सिझर करावंच लागतं आणि अंगावर पाजायचं तर नावच काढू नका. पुरावा म्हणून पाच महिन्यांच्या बाळाचा 'रिअ‍ॅक्टिव्ह' (म्हणजे पॉझिटिव्ह) रिपोर्ट जोडलाय. हे वाचून एखादी गरोदर बाई टेस्टलाच गेली नाही तर भोगणार तिचं बाळ, म्हणून लिहितेय.

काहीच उपचार केले नाहीत तरी पोटात, बाळंतपणात आणि दूध पाजताना असं सगळं धरून १०० पैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते, म्हणजे तेव्हासुद्धा निम्म्याहून जास्त वाचतात. आईने एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) नीट घेतली, बाळाला जन्मल्यावर औषध मिळालं, तर हाच आकडा ५ च्या खाली येतो, आणि व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) आधीपासून दबलेला असेल तर १ च्या आसपास किंवा त्याहून कमी. १९९४ मध्येच एझेडटी या एकट्या औषधाने लागण २५ टक्क्यांवरून ८ वर आणली होती, आताची तीन औषधं एकत्र तर त्याच्या कितीतरी पुढे आहेत.

गोळ्यांची भीती मात्र अगदीच हवेतली नाही. २०१८ ला बोट्सवानात डोल्युटेग्राव्हिर हे एचआयव्हीचं औषध घेणाऱ्या आयांच्या बाळांत मज्जारज्जूचे दोष जास्त दिसल्यासारखं वाटलं होतं, पण पुढे हजारो बाळंतपणांची नोंद झाली तसा तो फरक उरलाच नाही आणि आता गरोदरपणातही तेच औषध देतात. मनाने गोळ्या बंद करणं हा खरा धोका, कारण लोड परत चढतो.

सिझर? शेवटच्या आठवड्यांत लोड दर मिलिलिटरला १००० च्या वर असेल तर डॉक्टर सुचवतात. दबलेला असेल तर नॉर्मल डिलिव्हरी होते.

दुधाचं म्हणाल तर आई रोज गोळी घेत असेल तर पहिले ६ महिने फक्त अंगावरचं आणि मग वरच्या खाण्यासोबत निदान वर्षभर पाजा, असं डब्ल्यूएचओच सांगते. काही देशांत पावडरचं दूध सुचवतात, तेव्हा आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

आता तो रिपोर्ट. साधी टेस्ट व्हायरस नाही, तर अँटिबॉडी (व्हायरसविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) शोधते, आणि आईच्या अँटिबॉडी बाळात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे लागण नसलेलं बाळही 'रिअ‍ॅक्टिव्ह' येतं! बाळासाठी व्हायरस शोधणारी पीसीआर लागते, ती बाळ ४ ते ६ आठवड्यांचं असतानाच करतात, आणि अंगावर पाजत असतील तर दूध तोडल्यावर ३ महिन्यांनी पुन्हा तपासून मगच पक्कं सांगतात.