केळीच्या कंटेनरला हलालचा शिक्का लागत नाही

"खान्देशातून आखातात केळी, वेफर्स, डाळ काहीही पाठवा, हलालचा शिक्का सक्तीचा. त्यापायी किलोमागे कर जातो आणि तो आपल्याच खिशातून." रावेर-सावद्यापासून धुळ्यापर्यंत हा मेसेज फिरतोय.

आधी केळी. ताज्या फळाला हलाल प्रमाणपत्र लागत नाही. लागतो आयात-निर्यात कोड, अपेडाची (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी आणि खेपेगणिक फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालावर कीड-रोग नसल्याचा दाखला. माल नापास होतो तो फण्यांवर चीक राहिल्याने, नाहीतर रीफर (थंड कंटेनर) १३ अंशांखाली गेल्यावर साल काळवंडल्याने. शिक्का तिथे काय करणार?

सक्ती कुठेच नाही, असंही नाही. हलाल म्हणून मांस निर्यात करायचं तर १६ ऑक्टोबर २०२४ पासून १५ देशांसाठी भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेखाली प्रमाणित कारखान्यातलाच माल चालतो. देशात विकायला मात्र कायद्याने हवा तो एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना किंवा नोंदणी, हलाल ऐच्छिक.

वेफर्सचं थोडं वेगळं आहे. केळी, वनस्पती तेल, मीठ एवढंच असेल तर संशयाला जागा नाही, तरी खरेदीदार कागद मागू शकतो. चीज फ्लेवर आला की प्रश्न सुरू होतात: चीज पावडरीतलं रेनेट (दूध गोठवणारं विकर) कशाचं, ई-४७१ (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक) वनस्पतीचं की प्राण्याचं, फ्लेवर अल्कोहोलमध्ये विरघळवलाय का? प्रत्येक घटकासाठी पुरवठादाराचं लेखी पत्र लागतं. मसालेवाला मध्येच बदलला आणि कळवलं नाही, की पुढच्या तपासणीत गाडी तिथेच अडते.

आता तो 'कर'. कर सरकार घेतं. ही खासगी सेवेची फी. समजा वर्षाला ५०,००० रुपये गेले. ५०० टनांच्या कारखान्याला किलोमागे १० पैसे पडले, ४० टन काढणाऱ्या घरगुती उद्योगाला सव्वा रुपया. बोजा आहे तो या छोट्यावर, आणि मेसेजमध्ये नेमका त्याचाच उल्लेख नाही. त्यातही घाईत भलत्याच संस्थेचं प्रमाणपत्र घेतलं, तर फी पाण्यात: इंडोनेशिया, मलेशिया, अमिराती यांच्या मान्य संस्थांच्या याद्या वेगवेगळ्या आहेत. पैसे भरण्याआधी कोणत्या संस्थेचा कागद चालेल, हे खरेदीदाराकडून लेखी घ्या.

मेसेजच्या शेपटाला हॉटेलंही जोडलीत: "शिक्का नसेल तर अजिंठ्याचा परदेशी पाहुणा जळगावात जेवणार नाही." अजिंठ्याला जपान, थायलंड, श्रीलंकेहून बौद्ध यात्रेकरू येतात, त्यांना याचं काय? मुस्लिम पाहुणा आलाच तर आधी चिकन कुठून आणता हे विचारतो. पुरवठादाराचा कागद काउंटरवर ठेवा. शेवभाजी-वरणबट्टीच्या शुद्ध शाकाहारी खानावळीला तर तेवढाही लागत नाही.