भांडण 'हवं की नको'चं नाही, परिशिष्टांचं आहे

नागरिक संघटनांच्या अधिवेशनात 'रस्त्यांचं खासगीकरण हवं की नको' यावरच बराच वेळ गेलेला दिसतो. खरी मेख असते करारनाम्याच्या परिशिष्टांत, आणि ती मंजुरीपूर्वी वाचतो कोण?

कोल्हापूरचंच घ्या. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प, बदल्यात ठेकेदाराला ३० वर्षं टोल. शहरातल्या रस्त्याखाली जलवाहिन्या, ड्रेनेज, केबल असं सगळं असतं. ते हलवायचा खर्च कुणाचा, हे निविदेआधीच लिहून घ्यावं लागतं. नाहीतर ठेकेदार म्हणतो जागा मोकळी मिळाली नाही, पालिका म्हणते काम अपुरं, आणि काँक्रीट झाल्यावर पाइप फुटला की नवाकोरा रस्ता फोडायचा. आंदोलनानंतर २०१५ च्या डिसेंबरात टोल रद्द झाला खरा, पण झालेल्या कामाचं मूल्य किती यावर वाद झालाच, आणि भरपाईही सरकारी पैशातूनच.

माहिती अधिकारात नुसता करारनामा मागू नका. वाहनगणना कोणत्या महिन्यात, किती दिवस केली ते मागा. सुट्टीच्या आठवड्यातली गणना कमी भरू शकते, आणि वाहनं कमी दिसली की टोलची मुदत लांबते. आर्थिक गणिताची एक्सेल फाइलच घ्या, पीडीएफमध्ये सूत्रं दिसत नाहीत. एस्क्रो खात्याची, म्हणजे टोलचा पैसा जमा होऊन करारात ठरल्याप्रमाणेच वाटला जातो त्या बँक खात्याची, मासिक विवरणपत्रंही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(घ) दाखवून अधिकारी 'व्यापारी गोपनीयता' म्हणाले तर त्याच कलमातला व्यापक जनहिताचा अपवाद अपिलात लिहा.

आणि करारसमाप्तीचं कलम आधी वाचा. महामार्गांच्या बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) नमुना करारात टोल सुरू झाल्यावर ठेकेदाराच्याच कसुरीने करार मोडला, तरी विम्याची रक्कम वजा करून उरलेल्या कर्जाच्या ९० टक्के सरकारने द्यायचे असतात.